मदत हवी आहे: अपात्रतेच्या याचिकेवर तीन महिन्यांची मुदत बंधनकारक आहे का?

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या वाचनालयात पक्षांतरबंदीवर बोलायचं आहे. श्रोते वकील नाहीत, पण नेमकं विचारतात. राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, वाचलं; पक्ष बदलणाऱ्या आमदार-खासदाराला अपात्र ठरवण्याच्या याचिकेवर सभागृहाच्या अध्यक्षांनी किती दिवसांत निकाल द्यावा याबद्दल त्यात अवाक्षर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या किहोटो होलोहान निकालानुसार अध्यक्ष इथे न्यायाधिकरण (न्यायालयासारखा निवाडा करणारी यंत्रणा) म्हणून काम करतात. २०२० च्या मणिपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अपवादात्मक परिस्थिती सोडता तीन महिन्यांत निर्णय व्हावा. इथवर समजलं. सभागृहाची मुदत संपेपर्यंत याचिका लोंबकळत ठेवणं म्हणजे मतदाराची फसवणूक, असं माझं ठाम मत आहे. पण मला तिथे मत नाही, कायदा सांगायचाय. कोण चूक, कोण बरोबर हा राजकीय वादही नको. ही तीन महिन्यांची मुदत घटनेच्या कलम १४१ खाली (सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक) प्रत्येक अध्यक्षांना आपोआप लागू होते, की दर वेळी याचिकाकर्त्याला नव्याने न्यायालयात जावं लागतं?