उन्हाळी सुट्टी, आम्ही दोघं ऑफिसात, मुलं घरी. काय करावं?

साडेसातची_चहावाली
नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवली पूर्वेला. मी 7.50 ची फास्ट पकडते ती संध्याकाळी साडेसातला घरात. नवरा एमआयडीसीत, शिफ्ट फिरती. मुलगी तेरा पूर्ण, आठवीत जाईल. मुलगा अकरा. सासूबाई यंदा नाशिकला दिरांकडे. शाळा उघडणार जूनच्या मध्यावर, म्हणजे दीड महिना दोघंच घरात. पाळणाघराचं वय गेलं आणि निर्धास्त सोडावं असं अजून आलेलं नाही. गेल्या मे महिन्यात दोघं दिवसभर लोळत मोबाइल बघत होती आणि मी ऑफिसातून तासातासाला फोन करत होते, "जेवलात का?" बजेट दोघांचं मिळून 5,000. कृपया त्यातच सुचवा.

सह्यवेडा
डोळे झाकून हिमालयातल्या कॅम्पला पाठवा. माझा चिरंजीव गेल्या वर्षी मनालीला दहा दिवस होता. 19,500, प्रवास वेगळा. आता स्वतःचं अंथरूण स्वतः घालतो.

साडेसातची_चहावाली
बजेट दोघांचं मिळून 5,000 आहे हो.

सह्यवेडा
हप्ते करून देतात. आणि अनुभवाची किंमत होत नाही.

नाना_वाडीकर
19,500 अंथरूण घालायला? आमच्याकडे पाठवा, मी फुकट शिकवतो.

कोकणची_सून
मामाच्या गावाला पाठवायचं, त्यात विचारायचं काय? करवंदं, जांभळं, विहिरीवर पोहणं. महिना कसा जातो कळत नाही. रेल्वेचा नाद आता सोडा. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं, आणि मे महिन्याच्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. एसटीने पाठवा. मुलाला हाफ तिकीट, मुलीला महिला सन्मानमध्ये अर्धं. दोघं मिळून एका तिकिटात गावाला.

विरारकर
त्यासाठी मामा गावात असायला लागतो. आमचा मामा वन बीएचकेत, तिथे आम्हीच आडवे झोपतो.

साडेसातची_चहावाली
माझा भाऊ बदलापूरला. जांभळं मिळतात, पण गाडीवर.

न्यूजर्सीकर
मुलांना असं एकटं ठेवणं मला धक्कादायक वाटतं. इथे पोलीस येतात दारात.

तपशीलवार
अमेरिकेत बहुतेक राज्यांच्या कायद्यात वयाचा आकडाच नाही. मूल किती समजदार, किती वेळ एकटं, घरात धोका काय, यावर ठरतं. आपल्याकडेही अमुक वयाखाली घरी एकटं ठेवू नये असा आकडा कायद्यात नाही.

न्यूजर्सीकर
मी आमच्या कॉलनीतलं सांगतोय. कायदा शिकवू नका.

तपशीलवार
कॉलनीचा कायदा मला खरंच माहीत नाही.

माळ्यावरचा_कीबोर्ड
काहीही करा, कीबोर्ड घेऊ नका. "आई, मी रोज वाजवणार" हे वाक्य मला 8,500 ला पडलं. सहा दिवस वाजला, चार वर्षं माळ्यावर जुन्या चादरीत आहे. कुणाला हवा असल्यास व्यनि (खाजगी निरोप) करा. स्टँडसह देईन.

सह्यवेडा
स्टँड वेगळा मिळेल का?

ठाण्याचा_बाबा
मी वायफाय बंद करून बघितलं. राउटर पिशवीत घालून रोज ऑफिसला न्यायचो. आठवड्याने समोरच्या काकू म्हणाल्या, "तुमचा अथक अभ्यास करतो हो, दिवसभर आमच्या दाराशी जिन्यात बसलेला असतो." त्यांचा पासवर्ड त्यांच्याच नातवाने दिला होता.

माळ्यावरचा_कीबोर्ड
अथक हे नाव आहे की विशेषण?

खडू_फळा
मी चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. मुलगी आठवीत जातेय, हात चालत असेल तर एलिमेंट्रीची, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेची, तयारी याच सुट्टीत होते. फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो. क्लास नको. रोज घरातल्या दोन वस्तू मांडायच्या, तांब्या आणि कांदा म्हणा, आणि खिडकीच्या उजेडात काढायच्या. मुलं तांब्याचं तोंड गोल काढतात. बसून बघितलं तर ते चपटं दिसतं. हे एकदा डोळ्याला दिसलं की निम्मं काम झालं. खर्च कागद आणि पेन्सिलींचा.

यशस्वी_पालक
अनुमोदन. एलिमेंट्रीचे दहावीला जादा मार्क मिळतात.

खडू_फळा
एलिमेंट्रीचे नाही. त्यापुढच्या इंटरमिजिएटचे मिळतात, अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. मुलीला हे आत्ताच सांगू नका मात्र. मार्कांसाठी काढलेला तांब्या लगेच ओळखू येतो.

यशस्वी_पालक
तेच म्हणतोय मी. माझ्या मुलीला अ मिळाली होती. शिवाय कथक, शिवाय रोबोटिक्स.

डोंबिवली_फास्ट
ताई, क्रीडा संकुलाच्या तरण तलावावर विचारा. पण लगेच, आज. मे उजाडला की बॅच भरलेल्या असतात. आम्ही 2 मे ला गेलो आणि टोपी-चष्मा घेऊन परत आलो.

पुस्तकी_किडा
बालभारतीचं 'किशोर' आठवतंय का? 1971 पासून निघतंय. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोबाइल हातात असणारच आहे, तर निदान हे.

विरारकर
कोकणात पाठवा म्हणजे सगळेच प्रश्न सुटतील.

कोकणची_सून
मी तेच वर लिहिलंय.

तीन_शिट्ट्या
सगळे क्लासचंच सांगतायत. माझं ऐका, दोघांना कुकर लावायला शिकवा. मी दोन्ही पोरांना बाराव्या वर्षी शिकवलं. पहिल्या दिवशी थोरल्याने तांदळाच्या आणि डाळीच्या डब्यात मापून पाणी घातलं, कुकरच्या तळाला थेंब नाही. शिट्टी होईना म्हणून गॅस मोठा केला. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला, सगळ्या मजल्यावर जळका वास, आणि मी ठाण्याच्या सिग्नलला अडकलेल्या गाडीत. म्हणून आधी आठ दिवस तुमच्यासमोर करून घ्या. तळाला दोन बोटं पाणी, शिट्टीचं भोक उजेडाला धरून बघायचं, वाफ आल्याशिवाय शिट्टी ठेवायची नाही, आणि प्रेशर उतरल्याशिवाय झाकणाला हात नाही. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद. सुती कपडे घालून, केस बांधून. साडेबाराला भूक लागली की अकरापासून दोघं कामाला लागतात, सकाळ संपली. दुपारी आपोआप झोपतात.

न्यूजर्सीकर
गॅस? एकट्या मुलांच्या हातात? मायक्रोवेव्ह घ्या.

नाना_वाडीकर
बजेट 5,000. (कुणीतरी लिहायला हवं होतं.)

तीन_शिट्ट्या
घरातून निघताना रेग्युलेटर बंद करून जा आणि स्वयंपाकाच्या वेळी फोन चालू ठेवून त्यांना उघडायला लावा, हे लिहायचं राहिलं.

यशस्वी_पालक
रोबोटिक्सचा पत्ता हवा असल्यास सांगा. 12,000 आहे, माझं नाव सांगितलंत तर 11,500.

साडेसातची_चहावाली
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. तलावावर गेलो, बॅच भरल्या होत्या. हा धागा मुलीला वाचायला दिला. तिने सगळा वाचला आणि म्हणाली, "आई, वर्षभर साडेपाचला उठते. मला एकही क्लास नको. मे मध्ये नऊला उठणार." मग विचारलं, भांडता कशावरून? तर बेडरूमच्या पंख्याखाली गादी एकच, हॉलमध्ये उकडतं, सगळी भांडणं त्या गादीवरून. म्हणून 2,300 चा स्टँडचा पंखा आणला. क्लास शून्य. वायफाय चालूच आहे, मी हरले. कोणी रागवू नका. कुकर मात्र आठ दिवस माझ्यासमोर लावून घेतला, कालपासून त्यांचे ते लावतायत.

खडू_फळाताई, तांब्याचं तोंड अजून गोलच आहे.

सह्यवेडा
पंखा कुठला घेतलात? आमच्याकडे एसीच आहे, पण सहज विचारतोय.

तीन_शिट्ट्या
ते राहू दे. काल भात कसा झाला?

साडेसातची_चहावाली
मुलगा म्हणतो, तो तीन मोजत होता. मुलगी म्हणते, ती पण तीन मोजत होती, तो बोलल्यामुळे परत पहिल्यापासून. घरी आले तर भाताची पेज आणि समोरच्या काकू म्हणाल्या, सात झाल्या.