‘रौप्यमहोत्सवी चित्रपट’ हा शब्दप्रयोग मागे पडला का?

संस्थेचा किंवा लग्नाचा रौप्यमहोत्सव वर्षांचा असतो. मग सिनेमाचा कशाचा? आणि हल्ली हा शब्द ऐकूच का येत नाही?

— सिनेमाचा आठवड्यांचा. २५ आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, ५० झाले की सुवर्णमहोत्सव. पेपरातल्या जाहिरातीत ‘२५ वा आठवडा’ ठळक छापत. गल्ला किती जमला याच्याशी वाचकाला देणंघेणं नसे. दादा कोंडके यांचं नाव गिनीज बुकात गेलं तेही ओळीने नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपट दिल्याबद्दल. तेव्हा प्रिंटा मोजक्या निघत. शहरात सिनेमा महिनोन् महिने चाले, मग रिळांच्या त्याच पेट्या तालुक्याच्या गावी जात. आता एकाच शुक्रवारी तो सगळीकडे लागतो आणि तीन-चार आठवड्यांत उतरतो. आठवडे मोजायचे कुठून? म्हणून कोटी मोजतात. २०१६ च्या ‘सैराट’पासून ‘शंभर कोटी’ मराठी सिनेमाच्या बातम्यांतही आलं.

— यात ‘पायदान’ही घ्या. आपल्याकडे पायदान म्हणजे टांग्यात चढताना पाय ठेवायची पायरी. पण १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला हा हिंदी चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे निवेदक अमीन सयानी यांच्यामुळे गाण्याच्या क्रमांकालाच लोक पायदान म्हणू लागले. रेकॉर्डींचा खप आणि श्रोता संघांची पसंती यांवर क्रम ठरे. त्यातला मला फार आवडणारा शब्द ‘सरताज गीत’. ठरावीक आठवडे यादीत टिकलेल्या गाण्याला हा मान देऊन यादीतून निवृत्त करत, म्हणजे नव्या गाण्याला जागा होई. किती शहाणी पद्धत! आजच्या याद्यांना असा शब्दच नाही. गाणं घसरतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

— ‘ट्रेंडिंग’साठी मराठी शब्द सुचवा ना.

— ‘चलती’ आहे की! ‘सध्या या गाण्याची चलती आहे.’ ‘लोकप्रिय’ मात्र तिथे वापरू नये. ‘गाजतंय’ आणि ‘गाजलेलं’ यांतही फरक राखायला हवा. पहिलं या आठवड्याचं. दुसरं म्हणायला मधे काही वर्षं जावी लागतात. बातम्यांत कालच आलेल्या मालिकेला ‘गाजलेली’ म्हणतात, ते चूकच.

— नाटकवाल्यांनी मात्र आपलं माप बदललेलं नाही. तिथे अजून प्रयोगच मोजतात. प्रशांत दामले यांचा १२,५०० वा प्रयोग २०२२ मध्ये झाला, तेव्हा मथळ्यात तोच आकडा होता. हा आकडा मालिकांच्या टीआरपीसारखा दर गुरुवारी खालीवर होत नाही, तो फक्त वाढतो.