मदत हवी आहे: एचआयव्ही स्वचाचणीची आठवण एसएमएसने कशी करून द्यावी?

देहविक्रय करणाऱ्या महिलांना आम्ही तोंडातल्या द्रवावर चालणारं स्वचाचणी किट देतो. किट घेतलं जातं, चाचणी मात्र राहून जाते. म्हणून एसएमएस सुरू करायचे आहेत. बऱ्याच जणींचा फोन दुसऱ्यांच्याही हातात असतो. मजकूर कसा असावा? चाचणी झाली हे कळावं म्हणून पट्टीचा फोटो मागवला तर चालेल का?

प्रतिसाद १

फोटो अजिबात मागवू नका. तो गॅलरीत राहतो आणि नको त्याच्या नजरेस पडतो.

मजकूर लिहिताना एवढंच बघा: बंद स्क्रीनवर नवऱ्याने, गिऱ्हाइकाने किंवा मालकिणीने तो वाचला तर? एचआयव्ही, चाचणी, संस्थेचं नाव, काहीही नको. किट देतानाच तिची संमती घ्या, सांकेतिक शब्द तिलाच निवडू द्या आणि मेसेज थांबवायचा आकडाही तेव्हाच सांगा. उदाहरणार्थ:

"ताई, ठरलेलं पाकीट आलंय. दुपारी फोन करू का? हो असेल तर १ पाठवा."

हा ६२ अक्षरांत बसतो. देवनागरी एसएमएसची मर्यादा ७० आहे, पुढे गेलात की मेसेजचे तुकडे होतात. यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "स्त्री" दिसायला एक अक्षर, मोजणीत सहा.

वेळ तिलाच विचारा. रात्री काम असणारीला सकाळी नऊचा मेसेज म्हणजे झोपमोड. उत्तर नाही आलं तर काही दिवसांनी एकदाच आठवण करा, रोज मागे लागू नका. सिम बदलतात आणि जुना नंबर दुसऱ्याला मिळतो, त्यामुळे प्रत्येक भेटीत नंबर तपासा. वाचता येत नसेल तर ठरलेल्या वेळी फोनच करा.

प्रतिसाद २

वरचं पटलं, पण नुसत्या आठवणीने भागत नाही; चुका होतात त्या पाकीट फोडल्यावर. चाचणीआधी १५ मिनिटं खाणं-पिणं नको. ब्रश किंवा माउथवॉश केला असेल तर ३० मिनिटं थांबायचं. पट्टीचं टोक वरच्या आणि खालच्या हिरडीवरून एकेकदाच फिरवायचं, मग कुपीत उभं ठेवायचं. कुपीतला द्रव सांडला की ते किट बाद. निकाल २० ते ४० मिनिटांच्या आत, चांगल्या उजेडात वाचायचा. नंतर दिसलेली रेघ धरायची नाही. पट्टीवर सी (चाचणी नीट चालली याची खूण) आणि टी (निकालाची खूण) ही अक्षरं असतात. सी समोर रेघ नसेल तर चाचणी फुकट. सी आणि टी दोन्हींसमोर रेघ असेल, टीची अगदी पुसट असली तरीही, केंद्रावर पक्की तपासणी हवीच. हे मेसेजमध्ये मावणार नाही. किट देताना रिकामी पट्टी हातात देऊन दाखवा.

दोन गोष्टी आवर्जून सांगा. गेल्या तीन महिन्यांतला संसर्ग यात निसटू शकतो. आणि एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू असणारीने ही चाचणी करू नये, खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

धागाकर्ती

मग चाचणी झाली की नाही, हे कसं विचारायचं?

प्रतिसाद २

"झालं का?" एवढंच. १ म्हणजे झालं, २ म्हणजे बोलायचंय. निकाल मेसेजवर विचारू नका. २ आला की तिने दिलेल्या वेळीच फोन करा, आणि "आत्ता बोलता येईल का?" याने सुरुवात करा. कोणी जबरदस्तीने चाचणी करायला लावत असेल तर तेही याच फोनवर कळतं. अशा वेळी पुढचे मेसेज लगेच बंद करा आणि प्रत्यक्ष भेट ठरवा. कंडोम फाटल्याचं कळलं तर स्वचाचणीची वाट न पाहता ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर, पीईपीसाठी (संसर्ग टाळण्यासाठी नंतर घ्यायची औषधं) डॉक्टरांकडे न्या.