मला कशाचा मार्क येईल? – ‘माय लिटल पोनी’ आणि घरातले अनुभव

लेकीबरोबर ‘माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक’ ही छोट्या घोड्यांची, म्हणजे पोनींची, कार्टून मालिका पुन्हा पहिल्यापासून बघतेय. हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यांवरून लॉरेन फाउस्टने उभी केलेली ही मालिका २०१० ते २०१९ चालली, नऊ सीझन. १९८०च्या दशकातल्या पोनी खेळण्यांवर छापलेलं चित्र म्हणजे ही कुठली पोनी, एवढीच ओळख. मालिकेत तोच क्यूटी मार्क झाला. आपल्यातलं खास काही सापडेपर्यंत तो उमटतच नाही! खेळणी खपावीत म्हणून मालिका काढली हे खरंच, पण मुलांच्या मनातला एवढा मोठा प्रश्न तिने हातात घेतला, म्हणून मला ती फार जवळची वाटते. तुमच्या घरी या मार्कवरून काय बोलणं झालं? सविस्तर लिहा.

* * *

आमच्याकडे ॲपल ब्लूम या छोट्या पोनीच्या भागाने सुरुवात झाली. तिला मार्क नाही म्हणून वर्गातली डायमंड टियारा चिडवते, तो भाग. लेकीने मध्येच थांबवून विचारलं, “आई, मला कशाचा येईल?” नाच झाला होता, बुद्धिबळ झालं होतं, कशातच जीव रमत नव्हता. मी उत्तर दिलं नाही, पुढे बघू म्हटलं. ॲपल ब्लूम आणि तिच्या तशाच बिनमार्कच्या मैत्रिणी स्वीटी बेल आणि स्कूटालू यांना मार्क मिळाले ते थेट पाचव्या सीझनमध्ये, २०१५ साली. तेही कधी, तर त्याच डायमंड टियाराला मदत केल्यावर. तोवर लेक बरीच मोठी झाली होती, तरी सोफ्यावर उभी राहून ओरडली.

* * *

स्कूटालूबद्दल मला लिहायचंय. माझा भाचा पायाला आधार लावून चालतो. स्कूटालूला पंख आहेत पण उडता येत नाही, ती स्कूटर पळवते. चौथ्या सीझनमध्ये एका भागात ती मान्य करते की कदाचित आपल्याला कधीच उडता येणार नाही. माझ्या पोटात गोळा आला. आता लेखक जादूने तिला उडवणार आणि हा पोरगा आशेने माझ्याकडे बघणार! त्यांनी उडवलं नाही. शेवटच्या सीझनपर्यंत नाही. यासाठी मी त्या लेखकांची कायम ऋणी आहे. भाचा मात्र तिच्या उडण्याबद्दल कधी बोललाच नाही, त्याला तिची स्कूटर हवी होती.

* * *

मावशी, वाचताना डोळे भरून आले.
आमचा किस्सा छोटा आहे. मालिकेत रोज सूर्य वर आणणारी राजकन्या सेलेस्टिया पडद्यावर पांढरी, पण खेळण्यातली आधी आली ती गुलाबी. मला वाटलं मुलगी हट्ट करणार. ती म्हणाली, “बाबा, सूर्य हीच वर आणते ना? मग ही पहाटेची आहे.”

* * *

मुलग्यांच्या आईबाबांनीही लिहा. माझ्या मुलाला रॅरिटी आवडते, कारण ती कपडे शिवते. वर्गात त्याला मुलींची मालिका बघतो म्हणून छळलं. या मालिकेचे मोठे पुरुष चाहतेही जगभर आहेत, त्यांना ब्रोनी म्हणतात, हे मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांच्यातल्या कुणाला शिवता येतं का?”
येत असेल कुणाला, तर इथे जरूर लिहा. त्याला वाचून दाखवेन.