कॉलेज बास्केटबॉल: कोण थांबणार आणि कोण ड्राफ्टला जाणार, अंदाज कशावरून लावता?

सहकारनगरचा_सेंटर

मंडळी, एक मदत हवीये. आमचा संध्याकाळी डेक्कनला खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे, खेळ कमी आणि नंतर कट्ट्यावर वाद जास्त, तर त्यात आता नवीन खूळ निघालंय. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधल्या पोरांची यादी करायची आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचं की हा एनबीए ड्राफ्टला (अमेरिकेतल्या प्रो लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तो) जाणार का अजून एक वर्ष कॉलेजातच खेळणार. पैसे-बिसे नाहीत, हरेल त्याने सगळ्यांना मिसळ.

मी एनबीए बघतो, पण कॉलेजचं म्हणाल तर फक्त मार्च मॅडनेस (सीझनअखेरची कॉलेजांची बाद फेरीची स्पर्धा), तेही सकाळी ऑफिसला निघायच्या आधी जेवढं दिसेल तेवढं. वरवर बघितलं तर सोपं वाटतं, चांगला खेळतो तो जातो. पण यादीत बघतोय तर मॅचला वीस-वीस पॉइंट मारणारा थांबतोय आणि बेंचवरून येणारा आठ-नऊ पॉइंटवाला निघालाय. हे काय गौडबंगाल आहे? आणि नाव दिल्यावर मागे घेता येतं म्हणे, ते कधीपर्यंत?

कर्वेरोड_थ्री

आधी तारखा समजून घ्या, निम्मे लोक तिथेच गंडतात. अमेरिकेतल्या पोराला ड्राफ्टमध्ये यायचं तर त्या वर्षात वय १९ पूर्ण पाहिजे आणि शाळा संपून एक सीझन गेलेला पाहिजे. हा नियम २००५ च्या करारातला, लागू झाला २००६ च्या ड्राफ्टपासून. गार्नेट, कोबी, लेब्रॉन शाळेतून थेट गेले ते त्याच्या आधीचे. म्हणून मग एक वर्ष कॉलेजात काढून निघणारे 'वन अँड डन'वाले आले.

नावं येतात एप्रिलमध्ये. मेमध्ये शिकागोला कम्बाइन होतं, तिथे उंची, हातांचा पल्ला, उडी सगळं मोजतात, खेळवून बघतात, टीमवाले मुलाखती घेतात. ते संपलं की साधारण दहा दिवसांनी एनसीएएची, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेची, मुदत. त्या रात्री ११:५९ पर्यंत नाव मागे घेतलं तर पोरगा परत कॉलेजात खेळू शकतो, नंतर घेतलं तर कॉलेजचा दरवाजा बंद. ते घड्याळ न्यूयॉर्कचं हां, आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ. एनबीएची स्वतःची एक मुदत अजून पुढे असते, ड्राफ्टच्या दहा दिवस आधी, ती युरोपात वगैरे खेळणाऱ्यांच्या कामाची, तुम्ही तिच्याकडे बघू नका.

आता वीस पॉइंट आणि आठ पॉइंटचं. एनबीएवाले कॉलेजमधले पॉइंट बघून पैसे टाकत नाहीत, ते वय आणि शरीर बघतात. १९ वर्षांचा, सहा फूट नऊ इंच, पाय हलके, थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) टाकतो, बचावात कुणालाही धरू शकतो, असा पोरगा आठ पॉइंटवर पण जातो कारण तो २४ चा झाल्यावर काय होईल याच्यावर त्यांची बोली असते. उलट २३ वर्षांचा जुन्या पद्धतीचा, बास्केटखाली धक्के देऊन पॉइंट काढणारा बिग मॅन कॉलेजात राजा असतो आणि ड्राफ्टमध्ये कुणी विचारत नाही. गोन्झागाचा ड्रू टिमी २०२३ ला, नॉर्थ कॅरोलिनाचा आर्मान्डो बेकॉट पाच सीझन खेळून २०२४ ला, कॅन्ससचा हंटर डिकिन्सन २०२५ ला, तिघांनाही कुणी निवडलं नाही. त्यामुळे यादीत पॉइंटचा कॉलम असेल तर तो उडवा आणि जन्मतारखेचा टाका.

बाकी मॉक ड्राफ्ट (कोण कितव्या नंबरवर जाईल याचे जाणकारांचे अंदाज) दोन-तीन ठिकाणचे बघा. सगळीकडे पहिल्या वीसात असेल तर तो जाणार, त्याच्यावर डोकं घालवू नका. पहिल्या राउंडचा करार चार वर्षांचा असतो, त्यातली पहिली दोन वर्षं पक्की आणि पुढची दोन टीमच्या मर्जीवर, आणि तिसाव्या नंबरलाही पहिल्याच वर्षी वीस लाख डॉलरच्या वर मिळतात. कुठल्याच मॉकमध्ये नाव नसेल तर तो नुसता टीमवाल्यांचं मत ऐकायला आलाय, परत जाणार. तुमची मिसळ ठरणार २५ ते ५० मधल्यांवर.

हिशोबी_बाई

वरचं सगळं बरोबर आहे पण २५ ते ५० म्हणून सोडून दिलंत, खरी गंमत तिथेच तर आहे.

१ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता यायला लागले, ते एनआयएल म्हणतात ते. मग जून २०२५ मध्ये कोर्टाने एक समझोता मंजूर केला आणि कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा फुटबॉल खातो, पण बास्केटबॉलची टीम १५ जणांची, त्यामुळे नावाजलेल्या कॉलेजातल्या स्टार्टरच्या वाट्याला येणारी रक्कम लहान नसते, वर जाहिरातींचे वेगळे.

आता समोरची बाजू बघा. दुसऱ्या राउंडमध्ये निवडला गेला तर पक्क्या कराराची हमी नाही. टू-वे करार (एनबीए आणि तिची खालची जी लीग, दोन्हीकडे खेळायचा) मिळाला तर एनबीएच्या नवख्या खेळाडूच्या किमान पगाराच्या निम्मे, आणि नुसता जी लीगचा करार असेल तर सीझनला चाळीस हजार डॉलरच्या आसपास. आपला सतनाम सिंग आठवतो ना, २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतला होता, केवढ्या बातम्या झाल्या, आणि एनबीएची एक मॅच खेळायला मिळाली नाही. म्हणजे चाळिसाव्या नंबरच्या आशेवर असलेल्या पोराला कॉलेज जास्त पैसे देतंय, वर दरवर्षी टीव्हीवर दिसणं, राहणं-खाणं, कोच, सगळं. हातात चांगली कॅम्पस ऑफर असताना कोण बिनपगारी इंटर्नशिपला जाईल हो?

आकड्यातही दिसतं. २०२१ मध्ये मुदतीआधी नावं देणारे साडेतीनशेच्या वर होते, २०२५ ला शंभराच्या जरा वर. आता तर पोरं पाण्यात पाय घालून बघायलाही येत नाहीत.

म्हणून माझी पद्धत अशी की पोराचा मॉकमधला नंबर बघायचा आणि त्याच्याशेजारी त्याच्या कॉलेजचं नाव. तोच पस्तिसावा नंबर, पण कॉलेज बलाढ्य असेल तर थांबेल आणि छोट्या कॉलेजचा असेल तर... थांबा, इथे लगेच 'जाणार' लिहू नका. तो ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्यांची अधिकृत यादी) मोठ्या कॉलेजात जाईल. यॅक्सेल लेंडेबोर्ग बघा, यूएबीचा (अलाबामा-बर्मिंगहॅम) होता, २०२५ ला ड्राफ्टला नाव दिलं, एकीकडे मिशिगनला हो म्हणून ठेवलं, कम्बाइन केलं आणि मे अखेरीस नाव मागे घेऊन मिशिगनला गेला. एकाच वेळी ड्राफ्टमध्येही आणि पोर्टलमध्येही नाव दिसलं तर मी डोळे मिटून 'थांबणार' लिहिते.

अजून एक खूण म्हणजे इन्स्टाची पोस्ट नीट वाचायची. "पात्रता राखून नाव देतोय" असं स्पष्ट लिहिलं असेल तर दार उघडं आहे. कॉलेजचे, कोचचे, मेसच्या काकूंचेही आभार मानून झाले असतील तर गेला. (२०१८ पासून अट पाळून एजंट ठेवला तरी परत येता येतं, त्यामुळे एजंट दिसला म्हणून घाबरू नका.)

जुना_भिडू_शनिवारपेठ

हिशोबी बाई, हिशोब चोख आहे तुमचा पण पोरं कॅल्क्युलेटर नसतात. २००६ ची फ्लोरिडा टीम घ्या. कॉलेज चॅम्पियन झाले, जोकिम नोआ तेव्हाच गेला असता तर पहिल्या नंबरवर जाईल अशी चर्चा होती, हॉरफर्ड आणि ब्रूअरही वर जाणार होते. एनआयएल तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, थांबून एक पैसा मिळणार नव्हता, तरी सगळे थांबले कारण ते एकाच खोलीतले मित्र आणि त्यांना परत एकत्र खेळायचं होतं. २००७ ला पुन्हा चॅम्पियन, आणि ड्राफ्टमध्ये हॉरफर्ड तिसरा, ब्रूअर सातवा, नोआ नववा. सांगा कुठल्या शीटमध्ये बसवाल हे?

आणि थांबण्यात धोका असतो तो कुणी लिहिलाच नाही. ओहायो स्टेटचा जॅरेड सलिंजर २०११ ला पहिल्या पाचातला मानत होते, थांबला, पाठीच्या दुखण्याची शंका निघाली आणि २०१२ ला एकविसावा गेला. कॅलिफोर्नियाचा आयव्हन रॅब २०१६ ला लॉटरीतला (पहिल्या चौदातला), थांबला, पुढच्या वर्षी ३५ वा. दुसऱ्या वर्षी स्काउट लोक पोराच्या खेळातली भोकं मोजायला बसतात, पहिल्या वर्षी फक्त स्वप्नं बघतात. हे पोरांच्या घरच्यांना माहीत असतं, त्यामुळे १९ वर्षांचा आणि मॉकमध्ये १५ ते २५ असेल तर माझ्या मते तो पळणारच, कॉलेज काहीही देऊ दे.

हिशोबी_बाई

भिडू, नोआचं उदाहरण भारी आहे पण वीस वर्षं जुनं आहे, आणि त्याचे वडील टेनिसमधले यानिक नोआ, घरात पैशाची ददात नव्हती. फ्लोरिडाचंच अलीकडचं घ्या ना, वॉल्टर क्लेटन २०२४ ला नाव देऊन मागे फिरला, २०२५ ला कॉलेज चॅम्पियन झाला, फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांच्या फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अठरावा निवडला गेला. पैसेही मिळाले, नंबरही वर गेला. हल्लीची पोरं हे बघून ठरवतात.

इंडियाना_रिटर्न

उशिरा येतोय पण एक मुद्दा कुणीच मांडला नाही, व्हिसा. मी पर्ड्यूला एमएस केलंय त्यामुळे झॅक एडीवर जीव आहे. सात फूट चार इंच, कॅनडाचा, म्हणजे तिथे आपल्यासारखाच एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. ज्यांच्या घरातलं कुणी तिकडे शिकतंय त्यांना माहितीये की कॅम्पसच्या बाहेर काम करायची किती बंधनं असतात, तर तीच बंधनं या पोरांनाही. अमेरिकेत बसून जाहिरात केली तर व्हिसा धोक्यात. केंटकीचा ऑस्कर शिबवे कॉंगोचा, देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर २०२२ ला थांबला, तेव्हा टीम बहामासला गेली असताना जाहिरातीची कामं तिकडे उरकली होती त्याने, अमेरिकेच्या बाहेर म्हणून. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये मात्र त्याला कुणी घेतलं नाही.

म्हणजे नियमाने बघितलं तर परदेशी पोरगा लवकर जायला हवा, कारण थांबण्याचा मोबदला त्याला पूर्ण मिळत नाही. पण एडीने २०२३ ला नाव देऊन मागे घेतलं, परत आला, सलग दुसऱ्यांदा देशातला सर्वोत्तम ठरला आणि २०२४ ला मेम्फिसने नवव्या नंबरवर घेतला. तेव्हा तो २२ चा होता आणि थ्री टाकत नव्हता, कर्वेरोडभाऊंच्या नियमात अजिबात बसत नाही. सात-चारवाल्यांसाठी वेगळं शीट काढा.

कर्वेरोड_थ्री

सात-चारवाले सोडून, असं वाचा :) आणि व्हिसाचा मुद्दा मान्य, माझ्या यादीत देशाचा कॉलम आजच टाकतो. भिडूंचं १५ ते २५ वालंही मला पटतं, बाईंचा नियम तिसाच्या खाली जास्त चालतो. फक्त पुढच्या वर्षीची बॅच कशी आहे तेही बघा, पुढच्या वर्षी तगडे पोरगे येणार असा गवगवा असेल तर काठावरच्याला आत्ताच निघायची घाई होते.

सहकारनगरचा_सेंटर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शीटमध्ये जन्मतारीख, मॉक नंबर, कॉलेज, देश असे कॉलम टाकले. एकच अडलंय, लेंडेबोर्गसारखा नाव मागे घेऊन दुसऱ्याच कॉलेजात गेला तर त्याला 'थांबला' धरायचं का 'गेला'? ग्रुपवर आत्ताच दोन तट पडलेत. आणि तो बेलरवाला नाजी, ज्याला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ३१ वा घेतला होता आणि नंतर उलटा कॉलेजात आला, असला कुणी निघाला तर काय करायचं?

हिशोबी_बाई

लेंडेबोर्ग 'थांबला'मध्ये, प्रश्न प्रो झाला का नाही एवढाच आहे, कुठल्या कॉलेजचा शर्ट घातला त्याच्याशी घेणं नाही. हवं तर कॉलेज ओळखण्याला अर्धा पॉइंट जास्तीचा ठेवा. नाजीसारखे यादीतच घेऊ नका, भांडणं होतील. आणि शीट मुदतीच्या सकाळी नऊला लॉक करा, साडेनऊला नको, शेवटच्या अर्ध्या तासात पत्रकारांच्या पोस्ट पडतात आणि सगळे बघून बघून बदलतात.