थिंफूला एकच रात्र?

आत्या: टूरवाल्याने भूतानचा प्लॅन पाठवला बरं का. गुरुवारी बागडोगरा, रात्री जयगावला मुक्काम. मग थिंफू १ रात्र, पुनाखा २, पारो २. बघा सगळ्यांनी आणि आजच सांगा.

काका: झकास. थिंफूला एक रात्र पुरे. राजधानी म्हणजे काय, ऑफिसं आणि ट्रॅफिक.

ताई: काका, अहो त्या राजधानीत एकही सिग्नल नाहीये! नॉर्झिन लाम या मुख्य रस्त्यावर रंगीत नक्षीची चौकी आहे, तिच्यात पांढरे हातमोजे घालून पोलीस उभा असतो, तो हातवारे करून गाड्या सोडतो. मध्यंतरी दिवे बसवले होते, लोकांना रुचले नाहीत, काढून टाकले.

दादा: दोन महिने उसना द्या तो पोलीस, आपल्या चौकात उभा करू 😂

आई: चेष्टा पुरे. ताई, तू जाऊन आलीयेस ना, नीट सांग काय बघायचं ते.

ताई: सांगते, जरा मोठं होईल.
आत्या, जयगावला लागूनच सीमेपलीकडे फुंटशोलिंग, तिथून घाट चढून वर पोचायला ५-६ तास सहज जातात. म्हणजे शुक्रवारी दुपार कलणार. शनिवारी सकाळी तुम्ही पुनाख्याच्या वाटेला. मग थिंफू बघणार कधी? ते गाव संध्याकाळी आणि शनिवार-रविवारीच खरं कळतं.
ताशिछो जाँग घे. राजाचं कार्यालय, सरकारी कचेऱ्या आणि भिक्खूंचा मठ, सगळं एकाच किल्ल्यात. त्यामुळे कामाच्या दिवशी कचेऱ्या सुटल्यावरच पर्यटकांना आत सोडतात. त्याच सुमाराला झेंडा उतरवण्याचा विधी असतो, तो चुकवू नका. घाईतले टूर लांबूनच फोटो काढायला लावतात आणि ‘जाँग झाला’ म्हणतात.
शनिवारी नदीकाठचा भाजीबाजार. याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज माळेत ओवून टांगलेलं असतं. तुकडा तोंडात टाकला की तासभर बोलणं बंद.

काका: काकूसाठी दोन माळा आण गं 😄

काकू: वाचलंय मी हे. घरी या, बोलू.

आजोबा: मला चालणं झेपेल असं काही आहे का? उंची किती?

ताई: शहर साधारण २,३०० मीटरवर, आजोबा. आपलं कळसूबाई १,६४६. पहिल्या दिवशी सावकाश चाला, पाणी पीत राहा, एवढंच. आणि तुमच्यासाठी खास जागा म्हणजे मेमोरियल चोर्तेन. तिसऱ्या राजाच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये बांधलेला स्तूप. तिथे तुमच्या वयाची मंडळी सकाळपासून येऊन बसलेली असतात, आपल्याकडे देवळाच्या पारावर बसतात तशी. हातात लहानसं प्रार्थनाचक्र, बाजूला थर्मास. दमले की बसायचं, गप्पा मारायच्या, परत प्रदक्षिणा. उजवी घालायची, आपल्यासारखीच.

आजोबा: पान मिळतं का तिकडे?

ताई: मिळतं की, डोमा म्हणतात. विड्याचं पान, चुना आणि ओली, आंबवलेली सुपारी. वास फार उग्र. आजीला सांगून ठेवते.

दादा: चिनू कंटाळेल पण. स्तूप, मठ, मठ, स्तूप.

ताई: त्याला मोतीथांगला ताकिन दाखव. तिथला राष्ट्रीय प्राणी, धड गाईचं आणि तोंड बकरीचं. द्रुक्पा कुन्ले नावाच्या अवलिया साधूने दोन जनावरांचे सांगाडे जोडून तो केला अशी गोष्ट सांगतात. आधी तिथे प्राणिसंग्रहालय होतं. राजाने ते बंद करून ताकिन मोकळे सोडले, तर जंगलात जायचं सोडून हे शहरातल्या रस्त्यांवर हिंडायला लागले. शेवटी परत कुंपणात.
आणि चांगलिमिथांग स्टेडियममध्ये तिरंदाजीचा सामना चालू असेल तर बसाच. निशाण जवळजवळ १४५ मीटरवर. बाण लागला की अख्खा संघ गाणं म्हणत नाचतो. दुसऱ्या बाजूची माणसं निशाणाच्या अगदी जवळ बिनधास्त उभी असतात, माझाच जीव वरखाली होत होता.

आई: आणि तो मोठा बुद्ध?

ताई: दोर्देन्मा, १६९ फुटी. आत सव्वा लाख छोट्या मूर्ती आहेत. खालचं खोरं छान दिसतं, पण मला बाजार आणि चोर्तेन जास्त आवडले.

काका: रात्र वाढवली की पैसे वाढणार. माणशी १२०० रुपये रोजचा सरकारी कर आहे ना?

ताई: रात्र वाढवायची नाहीच. पुनाख्याची एक कमी करून थिंफूला द्या. एकूण पाचच राहतात, माणशी ६,००० तेवढेच. चिनूला निम्मा, सहा ते बारा वर्षांना तशी सवलत आहे.

दादा: त्याचं आधार आहे.

ताई: आधार चालत नाही! मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, चिनूचा जन्माचा दाखला. आजच शोधा सगळे.

काकू: माझ्या मतदार कार्डावर माहेरचं नाव आहे. पासपोर्टच काढते कपाटातून.

काका: बरं, जेवणाचं काय? मिरचीची भाजी करतात म्हणे.

ताई: एमा दात्शी. मिरची चवीला नाही, मिरचीचीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली. तुम्हाला आवडेल. आजोबांना केवा दात्शी मागवा, ती बटाट्याची. तरी ‘तिखट कमी’ सांगावंच लागतं.

आत्या: बोलले टूरवाल्याशी. पुनाखा १, थिंफू २, शुक्रवारी संध्याकाळी जाँग. हॉटेल मात्र बदलेल म्हणतो, क्लॉक टॉवरजवळचं घेऊ का?

ताई: घे, सगळं पायी होतं. फक्त खोल्या मागच्या बाजूच्या माग, रात्रभर कुत्री भुंकतात.