पऱ्हाटीचा (कपाशीचा) पाला गाळायचं औषध फवारणीच्या पंपाला किती टाकायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, हिंगण्याकडे आमचं साडेतीन एकर वावर आहे, यंदा ९० बाय १५ सेंटिमीटरवर दाट लागवड केली, मजूर भेटत नाही म्हणून एकदाच वेचणी उरकून मागे हरभरा टाकायचा विचार आहे. त्यासाठी पाला गाळायचं औषध आणलं, बाटलीवर थिडियाझुरॉन अधिक डाययुरॉन आहे आणि मात्रा हेक्टरी दिलीय. दुकानदार म्हणे पंपाला एक झाकण टाका. पंप १५ लिटरचा की २० चा तेही विचारलं नाही त्यानं!

भीती अशासाठी की गेल्या वर्षी आमच्या काकाजीनं लवकर गळावं म्हणून दुप्पट टाकलं, पाला भाजल्यासारखा कडक झाला पण गळलाच नाही, झाडालाच लटकून राहिला, वेचताना सगळा चुरा कापसात, बोटानं काढायला जावं तर अजूनच बारीक होते. जिनिंगवर भाव पाडून घेतला.

म्हणून काल नुसतं पाणी मारून पाहिलं. २ गुंठ्यांत ९ लिटर गेलं, म्हणजे एकरी १८० लिटर, १५ लिटरचे १२ पंप. मोठा भाऊ तेवढंच १० पंपांत उरकतो, त्याची चाल फास्ट आहे. मग हेक्टरी मात्रेला अडीचनं भागून माझ्यासाठी १२ नं आणि त्याच्यासाठी १० नं भागायचं, बरोबर ना? आता निम्मी बोंडं फुटली आहेत, मारू का थांबू?

वावरातला: हिशोब बरोबर आहे भाऊ, फक्त फवारणारा, नोझल, पंप काहीही बदललं की पुन्हा मोजा. औषध जास्त झालं की पान देठापासून सुटायच्या आधीच वाळते, काकाजीचं तेच झालं. ६० टक्के बोंडं फुटू द्या. वरचं हिरवं बोंड चाकूनं आडवं कापून बघा, सरकीचं साल तपकिरी अन् आत चिकट पाणी नसेल तर पिकलं समजा. रात्रीचा पारा १८ च्या खाली गेला की हे औषध मंद होते, पण म्हणून मात्रा वाढवू नका, पाला पडायला दिवस जास्त लागतील एवढंच. शेजारी भाजीपाला असेल तर वारा असताना मारूच नका. आणि मास्क, हातमोजे घाला बाप्पा, २०१७ ला यवतमाळात फवारणीनं किती माणसं गेली.

नागपुरी कट्टा: वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लेबलचा फोटो घेऊन जा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, चालते ते लेबल, दुकानदाराची चिठ्ठी नाही.

धागाकर्ता: धन्यवाद. आत्ता झाकणात पाणी भरून सिरिंजनं मोजलं, २५ मिलीचं निघालं. १२ पंपांना ३०० मिली, एका एकरात! बाटलीवर अख्ख्या हेक्टरला एवढं नाही लिहिलं.